लिंबाचा राक्षस

माझा आवडता राक्षस लिंबाचा होता. लिंबाला सगळीकडून लवंगा टोचल्या की झाले डोळे, आणि आईच्या देवघरातलं चिमूटभर कुंकू लावलं की झालं तोंड. खेळात तो हवेत तरंगायचा आणि एकाच वेळी चारी दिशांना बघायचा, त्यामुळे त्याला कुणी पाठीमागून गाठू शकत नसे. मित्रांपैकी एकाला आग ओकणारा ड्रॅगन आवडायचा. दुसऱ्याला पेटाऱ्याचं सोंग घेऊन बसलेला आणि झाकण उघडताच हात चावणारा. तिसऱ्याला सांगाडे, कारण ते पटापट मरायचे.

खेळ म्हणजे कागद, पेन्सिल, फासे आणि अखंड बडबड. ते तिघे शूर वीर व्हायचे. मी गुहा रचायचो आणि गुहेतले झाडून सगळे राक्षस एकटाच व्हायचो. परदेशातल्या कुणाच्या तरी चुलतभावानं आणलेल्या नियमांच्या पुस्तकाची फिकट झेरॉक्स आमच्याकडे होती. कॉलेजात लागलेलं हे खूळ नव्वद साल उलटलं, नोकऱ्या लागल्या, तरी सुटलं नाही. ऑफिसात साहेबांसमोर त त प प करणारा मी रविवारी डोंबिवलीच्या आमच्या बाहेरच्या खोलीत गर्जना करायचो. एवढा घोडा झालाय आणि भातुकली खेळतोय, हे चारचौघांत कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, अशी मला धास्ती होती.

म्हणून विठ्ठलवाडीच्या मुलीनं कांदेपोह्यांच्या वेळी छंद विचारला, तेव्हा मी ‘वाचन’ म्हणालो. ‘काय वाचता?’ असं तिनं विचारल्यावर ‘असंच, इंग्रजी’ म्हणालो. ती खाली बघून हसली, आणि ते हसणं मला फार आवडलं. तिलाही मी पसंत आहे असं मध्यस्थ काकूंकडून कळलं. तिचे वडील शिस्तीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. एकच मुलगा, तो बंगलोरला नोकरीला असतो, एवढं त्यांनी सांगितलं. आता त्यांनी येऊन आमचं घर बघितलं की सुपारी फुटायची होती. रविवारी पाचला येतो म्हणाले.

पाचला येणार म्हणजे दुपार आपली, असा हिशेब करून मी मित्रांना खेळायला बोलावलं. आई नारळ आणि कोथिंबीर आणायला बाजारात गेली होती. पण रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, हे मुलीकडच्या कुणाच्या तरी लक्षात आलं. आमच्याकडे फोन नव्हता. शुभकार्याला उगाच खोट नको म्हणून ती आणि तिचे वडील चारच्या आधीच येऊन थडकले. बिल्डिंगमधल्या सगळ्या दारांसारखं आमचंही दार उघडंच होतं.

आत पडदे ओढलेले. गुहेत धूर हवा म्हणून उदबत्त्या लावलेल्या. फरशीवर खडूनं आखलेली गुहा आणि तिच्या मधोमध कुंकू लावलेलं, लवंगा टोचलेलं लिंबू. मी गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून, घुमत घोगऱ्या आवाजात काहीबाही बरळतोय. आमच्या एका वीराचा नुकताच दगड झाला होता, त्यामुळे तो ताठ बसलेला आणि समोर बाकीचे दोन मिशीवाले पुरुष हात जोडून गयावया करतायत, “माफ कर! आम्ही चुकलो! पाहिजे ते माग, पण याला सोड!”

मित्र एकदम गप्प झाले म्हणून मी डोळे उघडले. तिचे वडील चपला काढून आत आले होते आणि त्यांचे हात जोडलेले होते. ते मूळचे मालवणकडचे. तिकडे देवळात माणसाच्या अंगात अवसर येतो आणि लोक त्याच्याकडे कौल मागतात. मी तोंड उघडायच्या आत ते खाली बसले आणि त्यांनी लिंबासमोर कपाळ टेकलं.

“म्हाराजा,” ते म्हणाले, “माझो झील घर सोडून गेलो. दोन वर्सां झाली, पत्तो नाय. येतलो काय? कौल दी.”

झील म्हणजे मुलगा. बंगलोरचा तो नोकरीवाला मुलगा. दारात ती एका पायातली चप्पल काढून तशीच उभी होती. माझ्या कानाशी एक मित्र कुजबुजला, “अरे बोल ना येईल म्हणून! बोल!”

मला खरेपणा वगैरे काही सुचलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या पायाशी असं पडून राहू नये, एवढंच वाटत होतं.

“काका, उठा,” मी म्हणालो. “हे देवाचं नाही. आम्ही खेळतोय.”

“खेळतोय?”

“फाशांचा खेळ आहे. राक्षसांचा.”

ते हळूहळू उठून बसले. त्यांनी लिंबाकडे पाहिलं, फाशांकडे पाहिलं, मग आम्हा चौघांकडे. “असं होय,” ते आता आमच्यासारखं मराठी बोलत होते. “घर छान आहे हं. हवेशीर आहे.” पडदे अजून ओढलेलेच होते. त्यांच्या कपाळावर खडू लागला होता आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही. माझा खेळ उघडा पडला याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. त्या खडूची मात्र अशी लाज वाटली की मी मान वर करू शकलो नाही. चहा नको म्हणून ते जिना उतरले.

मी तिच्या मागोमाग जिन्यावर गेलो. “खोटा कौल देऊन मी त्यांना फसवायचं होतं का?” असं काहीतरी म्हणालो. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

“दोन वर्षांत बाबांनी दादाचं नाव काढलेलं नाही,” ती म्हणाली. “आईपाशीसुद्धा नाही. आज तुमच्या मित्रांसमोर काढलं. आता ते तुमच्यासमोर सासरा म्हणून कसे बसतील?” दोन पायऱ्या उतरून ती थांबली. “नुसतं येईल म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं?”