चारुशीलानं फलकावर लावलेली गोष्ट

चारुशीला मेश्राम आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते. नागपुरात जरीपटक्याच्या पलीकडे एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते, एकवीस वर्षं झाली. माझ्या मुलानं लहानपणी बुटाची लेस उलटी बांधली, तर बाकीच्या बाया बांधून द्यायच्या. ही समोर उकिडवी बसायची. "सोड, पुन्हा कर. मी पाहून राहिली."

यंदा तिच्या वर्गात एकतीस मुलं. कोणाच्या घरी हिंदी, दोघींच्या घरी सिंधी, आणि बांधकामाच्या साइटवरून येणारी चार मुलं छत्तीसगढी बोलणारी. ही चौघं जूनपासून मागच्या बाकावर गप्प. चारुशीलानं आधी मधल्या सुट्टीत त्यांच्या आपसातल्या बोलण्यातले शब्द गोळा केले. दाई म्हणजे आई. झन म्हणजे नको. 'झन मार' तर दिवसातून वीसदा कानावर पडे. मग तिनं फोनवर एआय घेतलं. मूल आपल्या भाषेत बोलणार, फोन ते मराठीत लिहून देणार, आणि मूल स्वतःचीच गोष्ट मराठीत वाचायला शिकणार. गोष्टी पुस्तकातल्यासारख्या दिसाव्यात म्हणून खाली तात्पर्य घालायलाही तिनं फोनला सांगून ठेवलं होतं.

"आपलंच बोलणं कागदावर दिसलं न, की लेकरू वाचतेच वं," ती म्हणायची.

तिघं बोलायला लागली. रोहितच्या गोष्टीत तर वाघ मोटरसायकलवरून साइटवर आला होता. तात्पर्य : वाहन सावकाश चालवावे. आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

पिंकी तेवढी बोलेना. आठ वर्षांची पोर, दिवाळीच्या सुट्टीनंतर आली ती आणखीच मिटलेली. रोज टेम्पोत बसून तिच्यासोबत गेटपर्यंत येणारा धाकटा भाऊही दिसेना. त्याला गावी आजीकडे पाठवलं, असं सुशील सांगून गेला. सुशील म्हणजे साइटचा मुनशी, मजुरांची हजेरी मांडणारा. पोरांचे प्रवेशाचे फॉर्म त्यानंच भरले, सकाळी आपल्या टेम्पोतून तोच त्यांना सोडायचा. शाळेनं त्याचा नारळ देऊन सत्कार केला होता.

जानेवारीत मुख्याध्यापक रुपराव सर म्हणाले, "वाचत नसेल तर पोरीले पहिलीत बसवा." पिंकीची आई म्हणाली, पहिलीतच बसायचं तर कामावरच येऊ दे. चारुशीलाच्या हातात महिनाभर होता.

आणि एका दुपारी पिंकीनं स्वतःच फोन ओढून घेतला. खाली मान घालून बोलत राहिली. चारुशीलाला सगळं समजलं नाही, पण पोर बोलतेय याचाच तिला इतका आनंद, की ती मधेच उठून डोळे पुसून आली. संध्याकाळी छापलेला कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभी.

'माझा भाऊ टाक्यात पडला. टाक्यावर झाकण नव्हते. दाई विटा वाहत होती. मी त्याला शोधले. चप्पल पाण्यावर होती. त्याला चादरीत नेले. तात्पर्य : पाण्याजवळ एकटे खेळू नये.'

मीही वाचली. "कल्पना कशी सुचली असेल गं एवढ्याशा पोरीला!" हे माझेच शब्द. भाऊ गावी होता, हे आम्हाला ठाऊकच होतं ना.

मुलाचं पहिलं लिखाण पालकसभेला फलकावर लावायचं, ही त्या शाळेची रीत. चारुशीलानं पिंकीची गोष्ट मधोमध लावली, भोवती घोटीव कागदाची झालर. त्या दिवशी पिंकीची आई आलीच नाही. सुशील आला. फलकासमोर बराच वेळ उभा राहिला, मोबाइलवर फोटो काढला.

"छान आहे, मॅडम. तुमीच लिहून देली असन?"

"नाही हो," चारुशीला फुलून म्हणाली, "पूर्ण तिची आहे. एक शब्दही माझा नाही."

"असं," तो म्हणाला. "हुशार आहे मंग पोट्टी."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून तिघंच उतरली. तिसऱ्या दिवशीही तिघंच. मधल्या सुट्टीत चारुशीला साइटवर गेली. पिंकीची पत्र्याची खोली रिकामी होती, चुलीतली राखही कोणी झाडून नेलेली. शेजारी भांडी घासणारी बाई मान वर न करता म्हणाली, "गाँव गईन." कुठलं गाव, ते सांगितलं नाही. पाण्याच्या टाक्यावर सिमेंटची नवी लादी होती, अजून ओलसर.

ती तशीच माझ्याकडे आली. चप्पलही काढली नाही. म्हणाली, "मूळ रेकॉर्डिंग मी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. कागद मिळाला अन् झालं." आम्ही ओट्याशी उभ्या राहून ऐकलं. गोष्ट संपली. मग जरा थांबून पिंकीचा आवाज, अगदी फोनला तोंड लावून : "मैडम, काकरो ला झन बताबे." झन. हा शब्द तर तिला येत होता. कोणाला सांगू नको. हे वाक्य गोष्टीतलं नव्हतं, म्हणून फोननं कागदावर घेतलं नाही.

रुपराव सरांना तिनं हे सांगितलं, तर ते म्हणाले, "कागद काढा तो. पोरीच्या बोलण्यावर काहून शाळेचं नाव मधात आणता?" कागद तिनं काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "चालतेस का ठाण्यात?"

हवालदार सभ्य होता. रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, कागद वाचला. मग पेन उघडलं.

"मुलाचं नाव?"

चारुशीलानं माझ्याकडे पाहिलं. ते पोरगं रोज गेटपर्यंत यायचं, ती त्याला बिस्किट द्यायची. नाव कधी विचारलं नव्हतं. ते शाळेच्या पटावर नव्हतं.

"पिंकीचा भाऊ," ती म्हणाली. "तीन वर्षांचा असेल."

"बहिणीचं गाव? बापाचा फोन?"

तिनं पिंकीच्या प्रवेश फॉर्मचा फोटो काढून आणला होता. गाव : नागपूर. पालकाचा पत्ता : साइट. पालकाचा मोबाइल नंबर होता, दहाच्या दहा आकडे सुवाच्य. हवालदारानं लिहून घेतला, आणि मग तो नंबर सुशीलचा आहे हे चारुशीलानं त्याला सांगितलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे या लोकांचं तुमच्याजवळ काहीच नाही, मॅडम."

"आवाज आहे," चारुशीला म्हणाली. "लिहा. माझं नाव टाका, मी सही करते."