सायलेंटचं उदाहरण

बारामतीच्या मंडईत आज टोमॅटो निवडताना देठाचा हिरवा, उग्र वास बोटांना लागला आणि मी थेट शेळगावच्या आमच्या शेतात जाऊन पोचले.

तेव्हा मी बी.ए.ला होते. वहिनी आणि मी सुतळीनं टोमॅटोची झाडं बांधत होतो. दहावीनंतर लगेच लग्न झालेल्या वहिनीला बाहेरून बारावी करायची होती. त्यासाठी लागणारा सतरा नंबरचा फॉर्म मी आणून देणार होते. बांधता बांधता ती मला इंग्रजी शब्द विचारायची.

"वन्सं, क्वाएट आन् सायलेंटमधी फरक काय?"

"क्वाएट म्हणजे स्वभावानंच शांत," मी ऐटीत सांगितलं. "आणि सायलेंट म्हणजे बोलण्यासारखं असूनही गप्प बसलेला."

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना वहिनीनं स्वतःच बारावीचा विषय काढला. माझे वडील, आबा, म्हणाले, "यंदा न्हाय जमायचं. तोडा जवळ आलाय."

"वन्सं सांगत्यात, घरी बसून बी अभ्यास करता येतोय," वहिनी हळूच म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला कॉलेजच्या सहलीसाठी आबांची परवानगी हवी होती. मी मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले. बोटांवरचे पाल्याचे काळपट डाग अजून गेले नव्हते.

वहिनीनं मला पुन्हा कधी शब्द विचारला नाही.

आता मी इंग्रजी शिकवते. या दोन शब्दांतला फरक मुलींना नीट समजावून सांगते. सायलेंटचं उदाहरण मागितलं, की रिकाम्या वर्गाचं देऊन मोकळी होते.