जावयाने खाल्लेलं बी

माझी वांग्यांची वेबसाइट आहे. हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव येतो, आणि त्या भावाची मला आता शिसारी आली आहे. आधी तो हसतो. मग विचारतो, "रेसिपी का?" नाही म्हटलं की विचारतो, "मग त्यातनं मिळतं काय?" काहीच नाही म्हटलं की बाईचं डोकं ठिकाणावर नाही अशा नजरेने बघतो आणि सर्दीच्या गोळ्या घेऊन निघून जातो. जळगावात माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून सर्दीच्या गोळ्या.

साइट सुरू केली तेव्हा लोकांच्या हातात बटणांचे फोन होते. तेव्हापासून ती तशीच आहे. हिरव्या पट्टीवर पांढरी अक्षरं, खाली फोटो. कुठल्या गावाचं वांगं कसं, साल केवढी जाड, बिया किती, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजताना पाणी सोडतं की नाही, रोपं कधी टाकायची, बी कसं धरायचं. सुट्टीच्या दिवशी एसटीने गावोगाव फिरून मी हे गोळा केलं. नवरा सुरुवातीला बरोबर यायचा. मग त्याने वांगी खाणंही सोडलं आणि येणंही.

पण या सगळ्याच्या मुळाशी एकच वांगं होतं. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे. तिथल्या आमच्या मळ्यात एक फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, लांबट वांगं व्हायचं. साल एवढी पातळ की भाजल्यावर हाताला लागायची नाही, आपोआप सुटून यायची. भरतात तेल कमी घातलं तरी चालायचं. आबा दर वर्षी चांगल्या झाडांवरची पहिली मोठी फळं राखायचे, त्यांच्या देठाला चिंधी बांधायचे आणि ती पिवळीधमक होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. चिंधी बांधलेलं वांगं तोडायचं नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

आबा गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी बियांचा डबा माझ्या चुलतभावाच्या हातात दिला. शेत तो करत होता, तेव्हा बी त्याच्याकडे जाणं बरोबरच होतं. मला ते टोचलं हे मात्र खरं. मी लग्न करून जळगावात, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतल्या कुंडीत लावून बघितलं तर लिंबाएवढी वांगी आली. मला शेत नव्हतं, माझ्याकडे साइट होती. भाऊ पिकवणार आणि मी लिहिणार, अशी आमची न बोलता वाटणी झाली.

भाऊ दर वर्षी मला मूठभर बी द्यायचा. साइटवर जो कुणी मागेल त्याला मी पुडी करून पोस्टाने पाठवायचे. पैसे घेत नसे. अट एकच, पिकलं की चिमूटभर बी परत पाठवा, म्हणजे कुठेतरी गेलं तर कुठूनतरी परत येईल. तुम्हाला काय वाटतं, किती जणांनी पाठवलं असेल? एकानेही नाही. पुडी मिळाली एवढं कळवण्याचीसुद्धा लोकांना तोशीस पडते. मागताना "ताई, ताई" करणारी माणसं पुडी हातात पडली की अशी गायब होतात की बी त्यांनी लावलं की फेकलं तेही कळत नाही. माणसांचा वीट येण्यासाठी फार लांब जावं लागत नाही, फुकट काहीतरी वाटायला सुरुवात करावी.

भाऊही काही कमी नव्हता. मळ्यात गेले की पाणी पाजता पाजता विचारायचा, "तू त्या वांगास्नं काय करस वं कंपुटरवर?" मी सांगायला लागले की अर्ध्यात मोटर बंद करायला निघून जायचा. पण बी राखायचा. चिंधी बांधायचा. म्हणून मी त्याचं सगळं ऐकून घ्यायचे.

मग त्याला जावई मिळाला.

जावई पुण्यात नोकरी करतो आणि फावल्या वेळात खाण्याचे व्हिडिओ करतो. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला त्याने माझ्या साइटवरचे फोटो उचलून त्यावर ढाणढाण संगीत लावलं आणि "खान्देशचं हरवलेलं वांगं" म्हणून टाकून दिलं. हरवलेलं म्हणे! हरवलं असतं तर फोटो कुठून आले? मी फोन केला तर म्हणतो, "आत्या, वेबसाइट आता कोण बघतं? मी तुमची पब्लिसिटीच केली." माझं नाव कुठेही नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भाऊ म्हणाला, जावई आहे, सोड. आमच्याकडे जावयाला जे डोक्यावर बसवतात त्याला तोड नाही. सासरा सत्तरीचा असला तरी जावयापुढे पाट ठेवायला वाकतो. मी सोडलं.

गेल्या पौषात जावई मित्रांना घेऊन मळ्यात भरीत पार्टीला आला. हंगाम सरत आला होता. नेहमीच्या वाणाची वांगी दुसऱ्या तुकड्यात होती, हवी तेवढी. आबांच्या वांग्याची मात्र एकच ओळ, झाडं वाळायला लागलेली, आणि त्यांच्यावर उरली होती ती फक्त चिंधी बांधलेली मोठी फळं. अजून हिरवी होती, रंग धरायला लागला नव्हता. जावयाला ती कॅमेऱ्यात छान दिसली. तो म्हणाला, "मामा, हीच भाजू."

आणि भावाने ती तोडली. स्वतःच्या हाताने, चिंध्या सोडून. भाजून लाकडी बडगीत कुटली, वर कांद्याची पात घातली, बरोबर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. पाहुण्यांनी बोटं चाटली, व्हिडिओ केला आणि गेले. पुढच्या आठवड्यात भावाने ती ओळ उपटून टाकली, कारण भुईमूग लावायचा होता. त्याच्याकडचं जुनं बी त्याने आधीच्या पावसाळ्यातच सगळं पेरून टाकलं होतं. माझ्याकडचं मी वाटून मोकळी झाले होते. डब्याच्या तळाशी चार दाणे होते, ते मी ओल्या फडक्यात ठेवून बघितले. एकालाही कोंब आला नाही.

हे मला कळलं ते मी बी घ्यायला मळ्यात गेले तेव्हा. ओळ होती तिथे नांगरट. भाऊ बांधावर उभा, माझ्याकडे बघेना.

"पाव्हना शेतस त्या," तो म्हणाला. "जवाईले नही कसं म्हनू?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आबांनी जन्मभर सांभाळलेली गोष्ट या माणसाने पाहुण्याच्या ताटात वाढली, आणि तीही कुणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे, तर नाही म्हणायची लाज वाटली म्हणून. मला भावाची किळस आली होती, जावयाची आली होती, आणि भरीत या शब्दाचीसुद्धा. त्यानंतर मी भावाशी बोलणं टाकलं.

जावयाचा तो व्हिडिओ भरपूर चालला म्हणे. उन्हाळ्यात कुणीतरी त्याचं व्हिडिओंचं पानच ढापलं, पासवर्ड बदलला, आणि सगळे व्हिडिओ गेले. तो वहिनीजवळ रडला. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

साइटलाही मी कंटाळले होते. आता लिहायचं काय? जे वांगं नाही त्याचं? वर्षाचं नूतनीकरण श्रावणात येतं, ते करायचं नाही असं ठरवलं. पहिल्या पानावर एक सूचना टाकली. आबांच्या वांग्याचं बी संपलं आहे, ही साइट बंद होईल, फोटो कुणाला ढापायचे असतील त्यांनी आत्ताच ढापून घ्यावेत. शेवटचं वाक्य नवऱ्याने काढायला लावलं. मी काढलं नाही.

मृग लागायच्या आसपास त्या सूचनेखाली एक उत्तर आलं. वरणगावहून. लिहिलं होतं, "बी संपलं म्हणजे काय? माझ्या परसात आहे. आणि साइट बंद करू नये. रोपं कधी टाकायची ते मी दर वर्षी याच पानावर बघतो."

मी ते वाचलं आणि दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला थांबवून पुन्हा वाचलं. मग रविवारी भुसावळची गाडी धरली आणि पुढे रिक्षाने वरणगावला गेले.

तिथे एक नाना होते. कारखान्यातनं निवृत्त झालेले, एकटे, मुलगा परदेशात. फार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोने माझ्याकडून पुडी मागवली होती. ती दर वर्षी लावायची. ती गेल्यावर त्यांनी लावायला सुरुवात केली. बायको करायची तेव्हा कधी लक्ष दिलं नव्हतं, त्यामुळे काहीच येत नव्हतं. मग तिच्या फोनमध्ये माझं पान सापडलं. त्यातलं वाचून वाचून शिकले. बी धरणं, राखेत घोळणं, सुकवणं, सगळं माझ्याच शब्दांत मला ऐकवत होते, जणू मला ठाऊक नाही.

"चिमूटभर परत पाठवा असं लिहिलं होतं," मी म्हटलं.

"राहून गेलं," नाना म्हणाले. एवढंच. अपराधीपणाचा लवलेश नाही. वर मलाच सुनावलं, की हिरव्यावर पांढरी अक्षरं वाचताना डोळे दुखतात, आणि खताच्या पानावर एक वाक्य दोनदा आलं आहे. कितीतरी वर्षं हा माणूस माझी साइट वाचत होता आणि एका अक्षराने कधी कळवलं नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला की चहा अर्धा टाकून उठावंसं वाटलं. पण त्यांनी आतून काचेची बरणी आणली. बी पिवळसर, टपोरं, स्वच्छ. भिंतीपाशी गेल्या मोसमातलं एक झाड अजून तग धरून होतं आणि त्यावर एक फळ होतं. फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं. मी ते हातात घेतलं, तोडलं नाही, नुसतं धरलं. नाना काहीतरी बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं, कारण मी रडत होते.

परत आल्यावर आधी सूचना काढली. मग नूतनीकरण केलं, श्रावणाची वाट न बघता. आणि कुणालाही फोन न करता साइटवर एका ओळीत लिहिलं, की बी मिळालं आहे, ज्याला हवं त्याने इथे लिहावं.

ती बातमी भावापर्यंत कशी पोचली कोण जाणे. आठ-दहा दिवसांनी दुपारी तो दुकानात आला. पारोळ्याहून एसटीने, धोतर-टोपी, हातात पिशवी. गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिला. गर्दी ओसरली तसा काउंटरशी आला.

"माले बी जोयजे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "सगळ्यांनी साइटवर लिहून मागितलंय. तुलाही लिहावं लागेल."

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं.

"काय लिखू?"

"झालं ते लिही."

मी त्याला माझा फोन दिला, पान उघडून, मराठी अक्षरं लावून. तो बाकावर बसला. एका बोटाने शोधत शोधत लिहीत होता. मध्ये मी खोकल्याचं औषध दिलं, साखर मोजायच्या पट्ट्या दिल्या, एका म्हाताऱ्या अक्कांना गोळ्या सकाळच्या कुठल्या आणि रात्रीच्या कुठल्या ते समजावलं. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होते. तो पुसत होता, पुन्हा लिहीत होता. कपाळाला घाम आला होता. शेवटी उठून त्याने फोन काउंटरवर ठेवला.

मी वाचलं. "मना काकानं बी मी जवाईले खावाडी टाकं. चुकनू. माले परत जोयजे." खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव.

कुणी काही लिहिलं तर मी मंजूर केल्याशिवाय ते साइटवर दिसत नाही. माझं बोट त्या बटणावर होतं. भाऊ ते बघत होता.

"आते हाई बठ्ठासले दिसी?" त्याने विचारलं.

"हो, सगळ्यांना. साइट आहे तोवर. जावयालाही."

त्याने टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली.

"दिसू दे," म्हणाला, आणि बियांसाठी हात पुढे केला.