उलटं फिरलेलं चाक

मजुरांच्या सभेच्या कंदिलात रॉकेल ओतताना लहानपणची, कापसातून सरकी काढणारी चिखलीची जिनिंग आठवली. इंजिन चालवणारे सखारामकाका त्याच्याच पट्ट्यात सापडून मेले, तेव्हापासून दोन हंगाम ती बंद होती. मालकाच्या हुकुमावरून बाबांनी ते सुरू करायला दिव्याच्या झोतानं इंजिनाचं डोकं तापवलं, चाकाला हिसका दिला. इंजिन धडधडलं, पण चाक उलटं फिरू लागलं.

"सखाराम फिरवून राह्यला!" म्हणत मजूर पळाले.

"फिरते ना? कापूस घाला बे!" मालक ओरडला.

बाबांनी इंजिन थांबवून चाकावर हात ठेवला. "सखाराम, सोड रे भाऊ. आता तुह्या जागी मले उभं राहाचं हाये."

पुढच्या हिसक्याला चाक सुलट फिरलं. तेव्हा मी भुताला भ्याले. आज मालकाची चीड येते. माणूस गिळलेल्या त्या पट्ट्याभोवती त्यानं साधा लाकडी कठडाही घातला नव्हता.