हेट्टी पडली नाही

हेट्टी वोझनी मनाने फार शांत होती, असं आमच्या स्क्रँटन गावात सांगतात. खोटं आहे. मी तिच्या खेळाला वर्षानुवर्षं पियानो वाजवला. तिचा राग मी पाहिलाय, आणि तो रास्त होता.

रेशमाच्या गिरणीत ती आणि रोझ मॅकगिन शेजारी उभ्या राहून काम करायच्या. जेवणाच्या सुट्टीत मुकादमाची नक्कल करता करता दोघी रंगमंचावर पोचल्या. काटकुळी रोझ बोलायची, धिप्पाड हेट्टी पडायची. खुर्चीवरून, शिडीवरून, एकदा तर थेट माझ्या पियानोवर. लोक हसायचे ते त्या पडण्याला. कमाई निम्मी निम्मी.

मग रोझने वॉल्टर पेलशी लग्न केलं. खेळ ठरवायचं काम त्याने अंगावर घेतलं आणि कमाईचे तीन वाटे झाले. मैत्रिणीचा संसार म्हणून हेट्टी गप्प बसली. पुढच्या हिवाळ्यात, ईरी गावच्या थिएटरात तोंड रंगवताना रोझ म्हणाली, "वॉल्टर म्हणतो, तुला पगारच बांधून द्यावा. आठवड्याला वीस डॉलर."

"आणि तू काय म्हणतेस?"

"अगं, बोलते मी. तू नुसती पडतेस."

हेट्टीने ब्रश खाली ठेवला आणि ती रंगमंचाकडे निघाली.

खेळात रोझने तिला ढकललं. ती हलली नाही. रोझने पुन्हा ढकललं.

"पड ना गं," रोझ दात आवळून पुटपुटली.

"वीस डॉलरात एवढंच मिळतं," हेट्टी खणखणीत बोलली. "बाकीचं नवऱ्याला पडायला सांग."

थिएटर हसून लोळलं. त्या हसण्याने ती आणखी भडकली. डोक्यावरचा केसांचा टोप रोझच्या हातात कोंबून ती प्रेक्षकांमधून सरळ रस्त्यावर गेली. वॉल्टर मागे धावला.

"झकास झालं, हेट्टी. रोज असंच करू."

तिने त्याला कॉलरला धरून उचललं आणि बर्फाच्या ढिगात बसवलं.

स्क्रँटनला परतून तिने खाणावळ काढली, वर भाड्याच्या खोल्या. काही वर्षांनी रोझ एकटीच दारात आली. वॉल्टर होतं नव्हतं ते घेऊन पळाला होता. हेट्टीने कोबीचं सूप पुढे ठेवलं.

"अजून रागावलीयेस?"

"हो. खा."

रोझ तिथेच राहिली, भाडं देऊन. ती जेवताना जुना एखादा विनोद सांगू लागली की हेट्टी उठून स्वयंपाकघरात जायची.