तृतीयेची ओहोटी

बाई गेल्याचं मला त्यांच्या भाचीनं मुंबईहून फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती. बाई दोन दिवसांत घरी येणार म्हणून मी त्यांच्याच घराच्या खिडक्या पुसत होते. ओला फडका हातातच राहिला. उरलेल्या दोन खिडक्या पुसल्या, कुलूप लावलं आणि घरी आले. त्याला आता पाच आठवडे होतील.

बाई रत्नागिरीला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. घाटावरच्या, एकट्या. निवृत्त झाल्यावरही इथेच राहिल्या. मला त्या पहिल्यांदा दिसल्या आमच्या गावाखालच्या कातळावर. मी आणि माझी जाऊ शेवंता कालवं काढत होतो. खडकाला चिकटलेला शिंपला कोयतीच्या टोकानं फोडायचा आणि आतलं कालव डब्यात टाकायचं. थोड्या अंतरावर या बाई हातोडीनं दगड ठोकत होत्या. शेवंताला गप्प राहवत नाही. "काय वो बाई, तुमच्या दगडात काय गावतं?" बाई म्हणाल्या, "दगडच." "मग फोडता कशाला?" बाई इतक्या हसल्या की तिथेच ओल्या खडकावर बसल्या. माझी मान खालीच होती. "आणि ही बोलत नाही का?" त्यांनी विचारलं. शेवंता म्हणाली, "बोलते वो. पण आजचं उद्या."

पुढे मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले. अकरा वर्षं. कातळावरचा एक काळा पट्टा त्यांच्या फार जिवाचा होता. करड्या खडकातून हातभर रुंदीचा, सरळ समुद्रात गेलेला. वरच्या अंगाला तो वाळूखाली आहे, दिसतो तो फक्त पाणी खूप खाली गेल्यावर. बाई सांगायच्या, जमीन फाटली, खालून तापलेला रस वर चढला आणि फटीतच गोठला. मी लहानपणापासून त्यावरून चालले होते, पण असं काही कधी मनात आलं नव्हतं. पाणी चांगलं उतरणार असलं की मी सकाळी म्हणायची, "बाई, आज चला." त्या पिशवीत हातोडी टाकून निघायच्या.

गेल्या गणपतीनंतर त्यांनी परिषद ठरवायला घेतली. कोकणातल्या दगडांवर काम करणारे लोक तीन दिवस इथे येणार, दोन दिवस भाषणं, मुलींसाठी कार्यशाळा आणि शेवटच्या दिवशी बसनं फिरणं. मी त्याला सहल म्हणायची. "सहल नाही गं, क्षेत्रभेट," बाई म्हणायच्या. मी विचारलं, "मग बरोबर वडे द्यायचे की नाही?" म्हणाल्या, "वडे द्यायचेच." कार्यशाळेत बारावीच्या मुलींना सांगायचं होतं की हे शिकून पुढे काय करता येतं. विहिरीचं पाणी शोधणं, पूल, बोगदे, खाणी. शेवंताच्या शैलाचं नाव बाईंनी आधीच लिहून टाकलं. शेवंता भांडायला आली. "पोरीच्या जातीला हातोडी देताय होय?" बाई म्हणाल्या, "आणि तुझ्या हातातली कोयती काय गजरे करायची आहे?" शेवंता चहा पिऊन गेली आणि शैलाचं नाव राहिलं.

दिवाळीनंतर बाईंना दुखणं निघालं, पोटातलं. त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. कागदांची पिशवी घेऊन डॉक्टरकडे मी बरोबर जायची म्हणून मला ठाऊक. मुंबईला ऑपरेशनची तारीख मिळाली. बाईंनी परिषद त्याच्या अलीकडे बसवली. शेवटचा दिवस पौषातल्या शुद्ध अष्टमीला, आणि चौथ्या दिवशी हॉस्पिटल. "बाराला ओहोटी आहे, बघून घेतलंय," म्हणाल्या. "जेवायच्या आधी सगळ्यांना पट्टा दाखवते."

अष्टमी म्हटल्यावर माझी तव्यावरची पोळी करपली. अष्टमीच्या आसपास भांग असतो. ओहोटी लागते, पण पाणी अर्ध्यावरूनच माघारी फिरतं. पट्टा उघडत नाही. त्या दिवसांत आमच्याकडे कालवांना कोणी जात नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर बाईंनी तारीख पुढे नेली असती, आणि मग त्या स्वतःच तिथे नसत्या. आधीच्या आठवड्यात परीक्षांमुळे हॉल मिळत नव्हता. मी नऊ दिवस गप्प राहिले.

दहाव्या दिवशी त्या कार्यक्रमाचा कागद छापायला पाठवायला निघाल्या. तेव्हा मी म्हटलं, "बाई, अष्टमीला पट्टा पाण्यात असतो."

"अगं, अकरा वर्षं बघतेय मी. कधी बुडालेला दिसला नाही."

"भांगात मी तुम्हाला कधी नेलंच नाही."

त्यांनी चष्मा काढला. "आणि हे तू आज सांगतेस?"

"तुम्ही तारीख बदलाल म्हणून नाही बोलले."

त्यांनी विचारलं, "मग कधी उघडतो?" मी बोटांवर मोजलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, तिथून सहा तासांनी ओहोटी. वद्य तृतीयेला सव्वाआठच्या सुमाराला पाणी सगळं खाली. बाईंनी कागदावर अष्टमी खोडली. मला रडू आलं. "बघू दे की त्यांना पाणी," मी म्हटलं, "तुम्ही काठावरून सांगा." त्या म्हणाल्या, "सांगायचं तर मुंबईतही सांगता येतं, सुमन. इथे आणायचं ते हात लावायला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हॉस्पिटलची तारीख हलवणार नाही. तेवढी वेडी नाहीये मी."

तृतीयेला दोन बस आल्या. कॉलेजातल्या तरुण सरांनी बाईंची टिपणं वाचून दाखवली. मी मागे शेवंताजवळ उभी होते. पाणी उतरत गेलं आणि पट्टा वर आला, काळा, ओला. एक पिकल्या केसांचे गृहस्थ पँट भिजवून गुडघ्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे त्यावर ठेवले. शैला त्यांना विचारत होती, हा पट्टा खाली किती खोल जातो? त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं.

बाईंनी फोन करायला सांगितलं होतं. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, आवाज बारीक येत होता.

"पाणी किती खाली गेलं?"

"पट्ट्याखाली दोन हात."

"सगळ्यांनी हात लावला?"

"लावला. एक जण तर उठायलाच तयार नाहीत."

त्या हसल्या, मग खोकला आला आणि भाचीनं फोन घेतला. तेच आमचं शेवटचं बोलणं. पुढे घरी सोडायचं ठरल्यावर एका रात्रीत ताप चढला, तो उतरला नाही.

शेवंता म्हणते, तू बरोबर केलंस, आता उगाळत बसू नको. असेलही. पण कातळावर एकटी असले की वाटतं, मी गप्प राहिले असते तर अष्टमीच्या दुपारी बाई इथे उभ्या असत्या. पाण्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत, की खाली आहे, विश्वास ठेवा... मग बाईंनी कागदावर अष्टमी खोडली तो हात आठवतो. अजिबात थांबला नव्हता.

आता कालवांना गेले की आधी मी पट्ट्यापाशी जाते. कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून पाणी मोजते. विचारणारं कोणी नाही. तरी मोजून ठेवते.

काल तृतीया होती. पाणी पट्ट्याखाली अडीच हात होतं.