फाइलमध्ये रंजनाताईंचं नाव नव्हतं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. वीस वर्षं सर्व्हर सांभाळलेल्या माणसाला भूत दिसलं तरी तो आधी लॉग तपासतो. तरी लिहितोय, कारण तोंडी सांगून सांगून दमलो... आणि दर वेळी वाढवून सांगतो असा घरच्यांचा आरोप आहे. इथे वाढवणार नाही. फार नाही.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या पॅथॉलॉजी लॅबचं ऑफिस. मी मुलुंडहून येतो, म्हणजे पोचेपर्यंतच निम्मा संपलेला असतो. पेशंटचे रिपोर्ट सिस्टीममध्ये अडकले की ते सोडवायची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, आहे. ती रंजनाताई तांडेल चालवायच्या, थेट रूटच्या पासवर्डने. रूट म्हणजे युनिक्स सर्व्हरचा मालक, त्याला सगळं माफ. नव्या साहेबांना हे खपेना; त्यांनी तो पासवर्डच बदलायला लावला.

"बाईंना फक्त त्या एका स्क्रिप्टची परवानगी द्या. चारपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला आणि बाई गोवंडीच्या गोडाउनला."

त्यासाठी सुडो असतं – मालकाने दिलेलं मुखत्यारपत्रच म्हणा. कोण, काय चालवणार, ते एका फाइलमध्ये लिहायचं. एक ओळ! त्या एका ओळीने सकाळी दहापासून माझं रक्त प्यायलं. ताई स्क्रिप्ट चालवायच्या, सर्व्हर म्हणायचा – तुम्हाला परवानगी नाही. स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता तपासला, ग्रुप तपासला, ताईंना सतरा वेळा लॉगआउट करून परत आत घेतलं. बरं, पाच वेळा.

"मिलिंद, जेवलास का रे?"

"ताई, तुमची बदली होतेय आणि तुम्ही जेवणाचं काय विचारताय!"

"गोवंडीला पण जेवतातच ना माणसं." बोलल्या आणि पुन्हा लॉगिन करायला वळल्या.

चारला पाच कमी. साहेब मागे उभे. मी हात टेकलेले. ताईंनी शेवटचं म्हणून एंटर मारलं... आणि स्क्रिप्ट धडाधड चालली! अडकलेले सगळे रिपोर्ट सुटले. साहेब "झकास" म्हणून चहाला गेले.

मी खुर्चीत पडलो आणि माझ्या स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं. टेस्ट सर्व्हर. दोन सारख्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसभर मी चाचणीच्या मशीनवर ओळ सुधारत बसलो होतो! ताई मात्र खऱ्या सर्व्हरवर होत्या. तिथली फाइल उघडली. रंजनाताईंचं नाव नाही. त्यांच्या ग्रुपचं नाही. जोडलेल्या फाइलींत नाही. आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलेलं – रंजना तांडेल, तीन पंचावन्न, रूटच्या अधिकाराने.

ताईंच्या खात्यासारखंच दुसरं खातं बनवून मी स्वतः चालवून पाहिलं. परवानगी नाही.

ती ओळ मी अजूनही घातलेली नाही. ऑडिट आलं तर माझी वाट लागणार, पण चालत्या सर्व्हरला हात लावायचा नाही एवढा एकच धर्म आम्ही पाळतो. ताईंची रोज चालते. त्या मरोळलाच आहेत.

त्यांना खरं काय ते सांगितलं. वाटलं, घाबरतील. त्यांनी मान वरही केली नाही.

"बावीस वर्षं मी हे रिपोर्ट सोडवतेय, मिलिंद. परवानगी तू आत्ता द्यायला निघालास?"

सुडोच्या मॅन्युअलमध्ये यावर काही नाही. तीनदा वाचलंय. चौथ्यांदा वाचायची ताकद नाही.